नॉर्मनांच्या किल्ल्यांच्या जागा: नजर शत्रूवर की रयतेवर?

धागाकर्ता

सह्याद्रीतले गड पाहत वाढलेल्या आपल्याला किल्ला म्हटला की आधी डोंगर आठवतो. १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीहून येऊन इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन विल्यमचे कित्येक महत्त्वाचे किल्ले मात्र भरवस्तीत उभे राहिले. १०८६ च्या डूम्सडे बुकातील, म्हणजे विल्यमने करवलेल्या मुलूख-पाहणीतील, नोंदींनुसार किल्ल्यापायी लिंकनमध्ये १६६, नॉरिचमध्ये ९८ आणि श्रूझबरीत ५१ घरांवर गदा आली. केवळ परचक्र अडवायचे असते, तर गावाबाहेरची एखादी मोकळी टेकडी पुरली असती. माझे मत असे, की १०६८ साली बंड करून उठलेल्या एक्झेटरसारख्या शहरांवर सतत पहारा राहावा आणि धनी बदलल्याचे तिथल्या माणसाला रोज दारातून दिसावे, म्हणूनच या जागा निवडल्या गेल्या.

प्रतिसाद १ : खंदक

परिणामावरून हेतू ठरवण्याची ही पद्धत मला पटत नाही. सप्टेंबर १०६६ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पेव्हेन्सीला उतरताच विल्यमने जुन्या रोमन कोटाच्या आतच तळ मजबूत केला. लंडनचा किल्ला रोमन तटाच्या आग्नेय कोपऱ्यात बसवला आणि एक्झेटरलाही जुन्या तटाचाच आधार घेतला. माणसे थोडी व मुलूख परका असताना दोन बाजू आयत्या बांधलेल्या मिळत असतील, तर कोणता सेनापती त्या सोडेल? कोल्चेस्टरचा बुरूज तर रोमन सम्राट क्लॉडियसच्या मंदिराच्या जोत्यावर उभा आहे. रस्ते आणि नदीचे उतार जिथे एकत्र येतात तिथेच शहरे वसली होती, त्यामुळे मोक्याची जागा हवी म्हणजे घरे पाडणे ओघानेच आले.

धागाकर्ता

पहिल्या काही महिन्यांपुरती ही घाई मान्य. पण दोनशे वर्षांनी, वेल्स जिंकल्यावर, इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाला कसली घाई होती? १२८३ मध्ये उत्तर वेल्समधल्या कॉनवीच्या किल्ल्यासाठी त्याने सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा मठच हलवला, आणि त्या मठात वेल्सचा थोर राजा लुएलिन अप इओर्वर्थ याला पुरलेले होते. पराभूतांच्या सर्वांत पूज्य जागी आपला किल्ला बांधण्याला निव्वळ सोय म्हणता येणार नाही.

प्रतिसाद २ : भरतीओहोटी

कॉनवीबद्दल बोलताना समोरचा काठ पाहायला हवा. नदीपलीकडे डेगॅनवी नावाचा उंच टेकडीवरचा किल्ला होता. १२४५ मध्ये एडवर्डच्या बापाचे, म्हणजे तिसऱ्या हेन्रीचे, सैन्य तिथे तळ देऊन बसले असता अन्नावाचून त्याची दैना झाली. पुढे १२६३ मध्ये वेल्सचा राजा लुएलिन अप ग्रिफिद याने तो किल्ला घेऊन जमीनदोस्त केला. एडवर्डने ती उंची सोडली आणि जिच्या पायथ्याशी गलबते लागू शकतील अशी अलीकडची खडकाळ जागा घेतली. (उंची म्हणजेच सुरक्षितता ही आपल्याकडची समजूत इथे सोडावी लागते.) रुडलनच्या किल्ल्याला तर रसद आत यावी म्हणून क्लुइड नदीचा प्रवाहच खोदून सरळ केला. १२९४-९५ च्या वेल्श बंडखोर मॅडोगच्या उठावात एडवर्डचा हार्लेकचा किल्ला तगला तो आयर्लंडहून समुद्रमार्गे आलेल्या धान्यावर. मठ वाटेत होता म्हणून हलवला, इतकेच.

धागाकर्ता

डेगॅनवीचा मुद्दा बिनतोड आहे. कॉनवीपुरते मी माघार घेतो. एडवर्डचाच कार्नार्वनचा किल्ला मात्र सोडणार नाही. तिथे जवळच सेगॉन्टियम हे रोमन ठाणे होते आणि वेल्श दंतकथेतला सम्राट माक्सेन त्याच परिसराशी जोडलेला आहे. समुद्रातून रसद आणायला रोमन थाटाची आठवण देणारे बहुकोनी बुरूज आणि भिंतीतले रंगीत दगडांचे पट्टे कशाला हवेत?

प्रतिसाद १ : खंदक

ते बांधकामाच्या थाटाबद्दल झाले. धागा जागेबद्दल आहे. कार्नार्वन मेनाई सामुद्रधुनीच्या तोंडाशी आहे आणि एडवर्डच्या आधीच नॉर्मनांनी तिथे मातीचे टेकाड रचून गढी बांधली होती. शिवाय १२९४ मध्ये मॅडोगच्या लोकांनी हाच किल्ला घेतला, कारण तट अजून पुरा झालेला नव्हता.