मदत हवी आहे : फुगवायचा पॅडलबोर्ड, हलका आणि 25 हजारांच्या आत

कर्लीकाठची :

नमस्कार मंडळी,

दिवाळीत माहेरी देवबागला गेले होते. भाच्याने मित्राचा स्टँड-अप पॅडलबोर्ड (उभं राहून वल्हवायची फळी) आणला होता, म्हणून कर्लीच्या खाडीत मीही चढून बघितलं. तीनदा पडले. चौथ्यांदा गुडघ्यांवरून हळूच उठले आणि घरामागच्या पायऱ्यांपासून शेजाऱ्यांच्या होडीपर्यंत गेले, म्हणजे फार तर शंभर पावलं. आई काठावरून "गो, उतर आता!" म्हणून ओरडत होती. उतरले, पण तेव्हापासून तो बोर्ड डोक्यातून उतरत नाहीये.

तर आता स्वतःचा घ्यायचाय. वय 43, उंची 5 फूट 3 इंच, वजन 72 किलो. कधीमधी पुढ्यात मुलगा बसेल, तो 26 किलो. पोहता येतं, त्याच खाडीत शिकले. राहते कोल्हापुरात, तिसरा मजला, लिफ्ट नाही, गाडी वॅगनआर. फ्रोझन शोल्डर होऊन डावा खांदा आत्ता कुठे मोकळा झालाय, म्हणून हलका हवा. वल्हं, पंप, सगळं धरून बजेट 25 हजार.

ऑनलाइन शोधून दोनांवर आले आहे. एक 10 फुटी, 12 सेंटिमीटर जाड, वजन 7 किलो. दुसरा साडेदहा फुटी, 15 सेंटिमीटर जाड, 9 किलो, किंमत दोन हजारांनी जास्त. रुंदी दोन्हींची 32 इंच. 7 किलोवाला घेऊन टाकू का? नवरा म्हणतो, दोन किलोने काय फरक पडतो. तिसऱ्या मजल्यावर तो चढवणार आहे का, यावर मात्र गप्प.

वल्हेकरी :

ताई, 7 किलोवाला नको. हलका आहे कारण पातळ आहे, आणि 72 किलोला तो पातळपणा लगेच जाणवेल. हे बोर्ड आतून पोकळ फुग्यासारखे नसतात. वरचा आणि खालचा थर हजारो धाग्यांनी एकमेकांना बांधलेला असतो, म्हणून तर 12 ते 15 पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) हवा भरली तरी सपाट राहतात. पण ताठपणा येतो जाडीमुळे. पातळ बोर्ड तुम्ही उभ्या राहिलात की मधे जुन्या खाटेसारखा झोळतो, आणि नवशिक्याला वाटतं आपलाच तोल वाईट आहे. मी पहिला तसाच घेतला होता. सहा महिन्यांत विकला, तोही निम्म्या किमतीत. शिवाय पुढ्यात मुलगा बसणार. "कमाल 120 किलो" असं लिहिलेलं असतं ते तरंगण्याचं, आरामात उभं राहण्याचं नाही.

आता वजनाचं. 7 काय नि 9 काय, ते नुसत्या बोर्डाचं. बॅग, पंप, वल्हं, फिन (बोर्डाखाली लावायचा पंख) धरून पाठीवर 13-14 किलो येतात. म्हणजे तुमची निवड 7 की 9 अशी नाहीच, 12 की 14 अशी आहे. एक करा : ट्रेकच्या सॅकमध्ये 14 किलो तांदूळ भरा आणि जिना चढा. मग ठरवा.

पैसे उरले तर वल्ह्यात घाला. सेटबरोबर अॅल्युमिनियमचं येतं, किलोभराचं. बोर्ड पाठीवर पाच मिनिटं असतो, वल्हं तासभर हातात. फायबरग्लासचं मिळालं तर तुमचा खांदा दुवा देईल. लांबी उंचीपेक्षा 20-25 सेंटिमीटर जास्त, म्हणजे तुम्हाला 180 ते 185. आणि पात्याचा बाक पुढच्या बाजूला ठेवायचा. सगळे आधी उलटं धरतात, मीही धरलं होतं.

कर्लीकाठची :

तांदळाचा प्रयोग केला! दहा किलोचा कोलमचा कट्टा आणि चार किलो तूरडाळ. दुसऱ्या मजल्यावर टेकले, पण खांदा नाही दुखला, दम लागला. दोन किलो डाळ काढून परत चढले. खरं सांगते, तेवढाच दम लागला. नवरा जिन्यात उभा राहून हसत होता, त्याला तांदूळ वर न्यायला लावले.

थंडपाणी :

मी ब्रिस्टलला असतो, चार वर्षं फुगवायचाच बोर्ड वापरतोय. खांद्याचं म्हणाल तर जिन्यापेक्षा पंपाची काळजी करा. हातपंपाने आठ-दहा मिनिटं लागतात. सुरुवातीला दाबाचा काटा हलतच नाही, पंप बिघडलाय असं वाटतं. 6-7 पीएसआयच्या पुढे हलायला लागतो आणि शेवटचे चार-पाच पीएसआय अंगाचं वजन टाकून ढकलावे लागतात. बरेच जण तिथेच सोडून देतात आणि मग बोर्ड मऊ आहे म्हणून कंपनीला शिव्या घालतात. तुम्ही गाडीच्या सॉकेटवर चालणारा 12 व्होल्टचा पंप बघा. तो गाडीतच राहतो, जिना चढत नाही.

भरण्याआधी व्हॉल्व्हमधली छोटी पिन दाबून फिरवा, ती वर आलेली हवी. खाली राहिली तर नळी काढताक्षणी फुस्स, आणि सगळी मेहनत पुन्हा.

लीशबद्दल, म्हणजे बोर्ड आपल्याला बांधून ठेवणाऱ्या दोरीबद्दल, गंभीरपणे. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये इथे वेल्समध्ये, हॅवरफर्डवेस्टला, नदीवरच्या बंधाऱ्यावरून जाऊन चार पॅडलबोर्डवाले दगावले. तेव्हापासून मी वाहत्या पाण्यात घोट्याचा लीश बांधत नाही. तो कशात अडकला तर प्रवाहात वाकून घोट्यापर्यंत हात पोचत नाही. कमरेचा, एका ओढीत सुटणारा घ्या. सेटमध्ये मिळतो तो बहुतेक घोट्याचाच असतो.

मालवणी माणूस :

ह्यांचा बरोबर आसा. कर्लीत ओहोटीक संगमाकडे ओढ लागता, आणि मधे जाळ्यांचे खुंट, नांगरलेल्या होड्यांचे दोर. ताई माहेरवाशीण, तिका मी काय सांगतलंय! पण बाकीच्यांसाठी लिहितो.

तिथीची पाऊणपट म्हणजे साधारण भरतीची वेळ. दशमीला दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी साडेसातला पूर्ण भरती. सहा-साडेसहाला पाण्यात उतरा, भरती पुरी होताच परत फिरा. दशमीला उधाणही नसतं, अष्टमीच्या भांगाला (उधाणाच्या उलट, लहान भरती-ओहोटीला) धरून पाणी सौम्य असतं. पहाटे मतलई वारा जमिनीवरून सुटतो. खाडीत त्याचा त्रास नाही, पण तोच वारा किनाऱ्याच्या बाजूला बोर्डाला सरळ समुद्रात नेतो, आणि उभा माणूस म्हणजे शीडच. वारा वाढला की गुडघ्यावर बसायचं, त्याने भागलं नाही तर पालथं पडून हातांनी वल्हवायचं. ओहोटीला वाळूच्या पट्ट्यावर फिन टेकलं की बोर्ड थांबतो, आपण थांबत नाही. आणि कालवांच्या खडकांवर बोर्ड ओढू नये, पीव्हीसी चिरतं. पाय तर चिरतातच.

लाइफ जॅकेट घालूनच. पोहता येणारेच जास्त विसरतात.

कर्लीकाठची :

सगळ्यांचे आभार. 15 सेंटिमीटरवाला ठरला. कमरेचा लीश वेगळा घेतेय. फायबरग्लासचं वल्हं बजेटात बसत नाही, ते पुढच्या दिवाळीला. पुढची दशमी कालनिर्णयवर आईने आत्ताच गोल करून ठेवली आहे. "उतर आता" म्हणणारी हीच.

एकच राहिलं : पंपावर "कमाल 10 अँपिअर" लिहिलंय. वॅगनआरच्या सॉकेटला 15 चा फ्यूज आहे, चालेल ना? की इंजिन सुरू ठेवून भरायचं? कोल्हापूर-सांगलीकडे कुणाकडे असा पंप असेल तर एकदा लावून बघायला आवडेल, चहा माझ्याकडून.