नळदुर्गची तटफेरी: तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती

थंडीत सोलापूरजवळच्या नळदुर्ग किल्ल्यावर आमची गटाने तटफेरी झाली, म्हणजे तटाच्या कडेने चालत किल्ला पाहणं. सोबत माहितगार, वाट सोपी, वयाची अट नाही. परतल्यावर जो तो वेगळंच काहीतरी सांगत सुटला, म्हणून हा धागा. आमच्यासोबत नसलात, आधी कधी गेला असाल, तरी लिहा. नुसतं 'भारी' आणि 'अप्रतिम' नको, काय पाहिलंत ते सांगा.

सुरुवात मी करते. मला सह्याद्रीतल्या गडांची सवय. चढून दम लागला की गड पाहिल्यासारखं वाटतं. इथे चढ असा नाहीच, त्यामुळे थोडी नाखुशीनेच आले होते. पण महादरवाज्यातून आत न शिरता गाईडकाकांनी आधी तटाच्या कडेने चालवलं आणि विचारलं, "सांगा, शत्रू कुठून येणार?" सगळ्यांनी एकाच दिशेला बोट दाखवलं. काका म्हणाले, "कोणत्या काळातला शत्रू, ते आधी विचारा की!" विजापूरच्या आदिलशाहीच्या काळात धास्ती उत्तरेची, परांड्याच्या बाजूच्या अहमदनगरच्या निजामशाहीची. सोलापूरचा किल्ला बहिणीच्या हुंड्यात द्यायचं विजापूरकरांनी १५२३ मध्ये कबूल केलं आणि दिला नाही. त्यावरून दोन्ही घराणी पिढ्यानपिढ्या भांडली. (आपल्याकडची लग्नातली रुसवेफुगवे त्यापुढे काहीच नाहीत.) पुढे मोगल आले, मग हैदराबादचा निजाम. १८५३ मध्ये हा मुलूख इंग्रजांकडे गेला, १८६० मध्ये पुन्हा निजामाकडे आला. किल्ला जागचा हलला नाही, सरहद्द मात्र त्याच्या अवतीभवती फिरत राहिली. त्यानंतर प्रत्येक बुरुजापाशी मी तोच प्रश्न स्वतःला विचारत होते.

गुडघेदुखी

माझं वय पासष्टच्या पुढे. सोपं म्हणतात ते सोपं आहे, पण उपळी बुरूज वगळून. त्याच्या पायऱ्या उंच, कठडा नाही आणि उतरताना जास्त त्रास होतो. मी खालीच थांबलो. वर गेलेल्यांनी तोफांचं आणि दूरवर दिसणाऱ्या मुलुखाचं वर्णन इतकं रंगवलं की चीडच आली. मी तेवढ्या वेळात नव बुरूज सावकाश पाहिला. साधा गोल बुरूज नाही, त्याला पाकळ्या काढल्या आहेत. पाकळीच्या खाचेत उभं राहिलं की शेजारच्या पाकळीची बाहेरची बाजू दिसते, म्हणजे तिच्या पायथ्याशी कोणी आलंच तर तो इथल्या माऱ्यात. घाईत हे लक्षात येत नाही. गट नेणाऱ्यांनी असे खाली थांबणारेही हिशेबात धरावेत. आम्हाला कोणी काही सांगायला नव्हतं.

पाटबंधारेवाला (निवृत्त)

सगळे पाणीमहालाचे फोटो काढतात, मी बंधारा बघत बसलो. बोरी नदी अडवून मुख्य किल्ला आणि पलीकडचा रणमंडळ हा जोडकिल्ला बंधाऱ्यानेच सांधलाय. आतल्या फारसी शिलालेखात काम १६१३ सालचं, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीतलं. शत्रूला पाण्याची आडकाठी, आतल्यांना पाण्याचा साठा आणि ये-जा करायला वाट, ही तिन्ही कामं एकाच भिंतीची. आणि त्या भिंतीच्या पोटात महाल!

पायऱ्या उतरून आत गेलो. कमानीच्या कडेवरून हात फिरवला, दगड बर्फासारखा गार. सांडव्याच्या दोन वाटा, नर आणि मादी. नदीला पूर आला की पाणी भिंतीवरून खाली झेपावतं, आतला माणूस कोरडा राहून समोरचा पडदा बघतो. कसं जमवलं? सांडव्याची जागा आणि त्याचा पुढे काढलेला काठ नीट बघा. पाणी भिंतीला चिकटून न घसरता लांब फेकलं जातं. आमच्या खात्यात याच गोष्टीवर किती कागद काळे झाले असतील! एक सूचना: दर पावसाळ्यात नर-मादी वाहतीलच असं नाही. वरचं बोरी धरण भरून वाहिलं तरच. निघण्याआधी गावात फोन करून विचारा.

पुण्याची लेक

आम्ही पावसाळ्यात गेलो होतो, याच्या उलट अनुभव. महालाकडे जायला ही रांग, सेल्फीवाल्यांमुळे कमानीपाशी उभं राहायला जागा नाही, मुलगा रडतोय. गाईड केला नव्हता. धबधबा पाहिला, किल्ला पाहिला असं म्हणवत नाही. तुमचे अनुभव वाचून थंडीत पुन्हा जाईन म्हणते.

नात

माझ्या आजीचं माहेर नळदुर्गजवळचं. रझाकारांच्या (निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या) काळात घरातली बायकामुलं सोलापूरकडे नातेवाइकांकडे पाठवली होती, म्हणजे सरहद्दीपलीकडे, कारण सोलापूर स्वतंत्र भारतात आणि नळदुर्ग निजामाच्या मुलुखात. १३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे भारतीय फौज सोलापूरहून याच रस्त्याने आली. बोरीवरचा पूल शाबूत हाती लागणं फार महत्त्वाचं होतं आणि तो लागला. आजी लढाईबद्दल काही सांगत नसे. "परत आलो तेव्हा चुलीत उंदरांनी बिळं केलेली," एवढंच. तटावरून पुलाची दिशा दाखवताना काकांनी १९४८ दोन वाक्यांत उरकलं आणि थेट इंग्रज अधिकारी कॅप्टन मेडोज टेलरच्या वास्तव्याकडे वळले. टेलर इथे १८५३ नंतर कारभार पाहायला होता, ते ठीकच. पण गटात मराठवाड्यातली माणसं असताना क्रम उलटा हवा होता. मी तिथेच म्हटलं, तर काका हसून म्हणाले, "ताई, पुढच्या फेरीत तुम्हीच बोला." बोलेनही.

अणदूरकर

पाहुण्यांनो, सगळं लिहिलंत आणि खंडोबा राहिला! देव वर्षातला बहुतेक काळ आमच्या अणदूरला असतो आणि हिवाळ्यात नळदुर्गला मुक्कामाला येतो. दोन्ही गावांचे मानकरी मिळून पालखीने नेतात-आणतात. तटफेरी झाली की दर्शनाला जा, वाटेत पिठलं-भाकरी आणि शेंगाचटणी मिळेल. फक्त पौष पौर्णिमेला फेरी ठेवू नका. त्या दिवशी यात्रा असते, भंडाऱ्यात न्हाल खरं, पण गाडी लावायला जागा मिळणार नाही.