कोर्लईचा किल्ला: वडिलांना घेऊन जाता येईल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. रेवदंड्याचा पूल ओलांडला की मुरुडच्या रस्त्यावर कोर्लई लागतं. तिथला पडका किल्ला बाबांना बघायचाय. वय ७४, एक गुडघा कुरकुरतो, हट्ट मात्र शाबूत! दीपगृहाच्या बाजूच्या पायऱ्या त्यांना झेपतील का? मध्ये टेकायला सावली आहे का, की माथ्यावरच्या पडक्या चर्चपर्यंत उन्हातच जायचं? अलिबागहून मुरुडच्या एसटीने येणार आहोत. फाट्यावरून दीपगृहापर्यंत रिक्षा मिळते का?

दुसरं, आणि खरं तर मला जास्त ओढ याचीच आहे. पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये हा डोंगर घेतला, १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले, पण त्यांच्या भाषेतून जन्मलेली बोली गावातल्या ख्रिस्ती वस्तीत अजून घरोघरी बोलली जाते. 'नो लिंग', म्हणजे आमची भाषा. ती ऐकायची आहे, पण कुणाच्या दारात तमाशा बघायला आल्यासारखं उभं राहायचं नाही. रविवारी चर्च सुटल्यावर कुणाशी बोललं तर चालेल का? गावातलं कुणी इथे असेल तर कृपया सांगा.

जेवण रेवदंड्यातच उरकावं का?