शब्दचर्चा : आगमनकाळातली ‘आशा’, आस की भरवसा?

वसईची :
नमस्कार. येत्या रविवारी आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांचा वाट पाहण्याचा काळ, सुरू होतोय. आमच्या चर्चमध्ये वेदीजवळ हिरव्या पानांचं कडं ठेवतात, त्यात तीन जांभळ्या मेणबत्त्या आणि एक गुलाबी. यंदा त्यांच्याखाली एकेक शब्द रंगवायचं काम माझ्याकडे आलंय : आशा, शांती, आनंद, प्रेम. काल पहिली पाटी घेऊन बसले तर आजी म्हणाली, ‘‘आशा कशाला लिहितेस, बाय? आशा म्हणजे हाव. भरवसा लिही.’’
तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. मराठीत आशा चांगली की वाईट?

देवगडचा मास्तर :
आजींचं म्हणणं खोटं नाही. आशाळभूत, खुळी आशा, एखाद्याला आशेला लावणं... हे सगळे वापर कमीपणाचेच. संतांच्या बोलण्यात आशा बहुतेक वेळा तृष्णेच्या जोडीला येते आणि दोघींनाही सोडायचं असतं. संस्कृतात तर सुभाषितच आहे, ‘आशा नाम मनुष्याणां काचिदाश्चर्यशृंखला’. आशा ही अजब साखळी आहे. तिने बांधलेले धावत सुटतात आणि तिच्यातून सुटलेले पांगळ्यासारखे बसून राहतात. म्हणजे त्या कवीलाही ती निव्वळ वाईट वाटलेली नाही.
पण मला नामापेक्षा क्रियापदं जास्त बोलकी वाटतात. आपण आशा धरतो. आशा सोडतो. आशा लागते, आशा तुटते. ही क्रियापदं दोराची आहेत. बोलताना आपल्या ध्यानातही येत नाही, पण मराठी माणसाच्या हातात आशा म्हणून काहीतरी धरायची वस्तू आहे.
हिब्रूत आशेला ‘तिक्वा’ म्हणतात आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ दोर. बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात, दुसऱ्या अध्यायात, यरीहोची राहाब खिडकीला किरमिजी दोर बांधते. नगर पडेल तेव्हा तिचं घर त्या खुणेवर वाचायचं असतं. तिथे दोरासाठी हाच शब्द आलाय.

वसईची :
सर, अंगावर काटा आला. पण मग ‘आस’ कसा वाटतो? आगमन म्हटलं की कुणाची तरी वाट पाहणं आलंच.

देवगडचा मास्तर :
आस हे आशेचंच घरगुती रूप. मात्र आस बहुधा एखाद्या माणसाची किंवा ठिकाणाची लागते. लेकाची आस, माहेराची आस, पंढरीची आस. वाट पाहण्याला तो शब्द सुंदरच आहे. पण आस लागते, आपल्या हाती नसते. आशा आपण धरू शकतो, म्हणून मी तरी आशेच्या बाजूचा.

मालवणची :
दोराचा विषय निघाला म्हणून लिहिते. माझ्या वडिलांची होडी होती. लहानपणी त्यांच्याबरोबर जायचे. ठरल्या जागी आलं की ते नांगर पाण्यात सोडत. दोर हातातून सरसर जायचा, मग सैल पडायचा. ते लगेच बांधत नसत. दोन बोटं दोरावर ठेवून उभे राहत. होडी हळूहळू मागे सरकायची, दोर ताणायचा, एक हिसका बसायचा. मग म्हणत, ‘‘धरल्यान!’’ तळाचा नांगर आम्हाला कधीच दिसला नाही. त्याने धरलंय हे दोर सांगायचा.
बायबलमधल्याच इब्री लोकांस पत्रात (६:१९) आशेला जिवाचा नांगर म्हटलंय, आणि तो नांगर पडद्याच्या आत, न दिसणाऱ्या जागी पोचलेला आहे. हे वाचन लागलं की मला ती दोन बोटं दिसतात.

वसईची :
मालवणच्या ताई, तुमचा प्रतिसाद आजीला वाचून दाखवला. ती शेतकऱ्याची लेक, तिला नांगर म्हणजे शेतातलाच. पण गंमत म्हणजे तोही पवित्र शास्त्रात आहे! करिंथकरांस पहिल्या पत्रात (९:१०) प्रेषित पौल म्हणतो, नांगरणाऱ्याने आशेने नांगरावं.

देवगडचा मास्तर :
हे मला सुचलं नव्हतं. जमिनीचा नांगर संस्कृत ‘लांगल’वरून आला, पाण्यातला फारसी ‘लंगर’वरून. मुळं वेगळी, आपल्या जिभेवर येऊन दोघे एक झाले. मूळ ग्रीकमध्ये दोन्हींना वेगवेगळे शब्द आहेत. हिंदीतही हल वेगळा, लंगर वेगळा. ही दोन वचनं एका शब्दाने जोडून वाचायचं भाग्य मराठी वाचकाला मिळालंय. आमच्याकडे भातकापणी झाली की कुळथासाठी पुन्हा जमीन नांगरतात, नेमकी आगमनकाळाच्या सुमारास. बी पडतं तेव्हा वर काहीच दिसत नाही.

रेवदंडेकर :
थोडं अवांतर. काही जण ‘ख्रिसमस’ला मूळ शब्द आणि ‘नाताळ’ला भाषांतर समजतात. तसं नाही. नाताळ हा पोर्तुगीज ‘नाताल’, म्हणजे जन्माचा दिवस. वसईत पोर्तुगीज १५३४ ते १७३९ होते, आमच्या कोर्लईत तर आजही पोर्तुगीजवरून घडलेली बोली बोलतात. नाताळ इथे ख्रिसमसच्या आधीपासून नांदतोय.
आणि आनंदाच्या पाटीबद्दल : गुलाबी मेणबत्ती तिसऱ्या रविवारची. त्या रविवारचं लॅटिन नाव ‘गौदेते’, म्हणजे ‘आनंद करा’. मराठीत आनंद एरवी होतो, वाटतो. फिलिप्पैकरांस पत्रात पौलाने तो ‘करा’ असं सांगितलंय, तेही तुरुंगातून. पाटीवर नुसतं ‘आनंद’ न लिहिता ‘आनंद करा’ लिहाल का?

मालवणची :
जरूर लिहा. माझा भाऊ बोटीवर असायचा. डिसेंबर लागला की आई चांदणी टांगायची. पत्र नाही, फोन नाही, तरी विचारलं की म्हणायची, ‘‘येतलो.’’ आणि करंज्यांचं पीठ मळायला घ्यायची. त्याची बोट कुठे आहे हे आम्हाला ठाऊकही नसायचं.

वसईची :
पाट्या झाल्या. पहिलीवर ‘आशा’च लिहिलं आणि खाली छोटा नांगर काढला, होडीचा. तिसरीवर ‘आनंद करा’. आजीने पहिली पाटी हातात घेऊन बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, ‘‘याचा दोर कुठाय?’’
रंग अजून ओला आहे. दोर काढायला बसते.