मदत हवी आहे: मोजणीचा नकाशा गोपनीय आहे म्हणून कोर्टात देत नाहीत, काय करावं?

नमस्कार मंडळी, आमचं वावर विदर्भातल्या एका खेड्यात आहे, त्याला लागूनच संरक्षण खात्याची जागा. त्यांनी तारेचं कुंपण नवीन केलं तेव्हा ते आमच्या धुऱ्याच्या आत घेतलं, तुरीची पाच-सहा तासं अन् धुऱ्यावरची बाभूळ पल्याड गेली. बाबांनी २०२२ मध्ये कलम ८० ची (सरकारवर दावा टाकायच्या आधी द्यावी लागते ती) नोटीस देऊन दिवाणी दावा टाकला. जमीन संपादनाच्या वेळचा संयुक्त मोजणीचा नकाशा त्यांच्याकडे आहे, भूमी अभिलेखमधली प्रत इतकी फाटली का गट नंबरच वाचता येत नाही, म्हणून वकीलसाहेबांनी तो नकाशा कोर्टात मागितला तर उत्तर आलं का हा कागद १९२३ च्या ऑफिशियल सीक्रेट्स अ‍ॅक्टमध्ये बसतो, दाखवता येत नाही. माहिती अधिकारातही कलम ८ लावून नकारच. बाबा रोज विचारतात, आपल्या धुऱ्यात देशाचं कोणतं गुपित आहे? मला उत्तर देता येत नाही. आता नकाशाशिवायच केस चालवायची का? कोणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
भाऊ, हिंमत सोडू नका. मी तालुका कोर्टात वकिली करतो. सीक्रेट्स अ‍ॅक्ट हा फौजदारी कायदा आहे, गोपनीय शिक्क्याचा कागद कोर्टापुढं ठेवायला त्यात मनाई नाही, राफेल विमान खरेदीच्या केसमधल्या २०१९ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट म्हटलं आहे. त्यांना खरा आधार घ्यायचा असेल तर जुन्या पुरावा कायद्याचं कलम १२३, म्हणजे राज्यकारभाराच्या अप्रकाशित कागदांबद्दलचं, घ्यावं लागेल (दावा १ जुलै २०२४ नंतर टाकला असता तर नवीन साक्ष्य अधिनियमाचं १२९), अन् त्यासाठी नुसतं लेखी उत्तर चालत नाही, खात्याच्या सचिवाचं किंवा मंत्र्याचं शपथपत्र लागतं, त्यात कागद उघड झाला तर नुकसान नेमकं काय तेही यायला पाहिजे. शपथपत्र आहे का ते आधी बघा. कागद द्यायचा का नाही हे शेवटी कोर्ट ठरवतं, खातं नाही, १९७५ च्या राज नारायण केसपासून हेच चालत आलं आहे. वकीलसाहेबांना नकाशा कोर्टात हजर करण्याचा अर्ज द्यायला सांगा, न्यायाधीशांनी गरज वाटल्यास स्वतः नकाशा पाहून ठरवावं अशी विनंती त्यात करा. हद्दीच्या खुणा तेवढ्या दाखवा अन् आतल्या इमारती झाका, अशी मागणीही त्यातच टाका. माहिती अधिकाराचं अपीलही करा, कलम ८(२) चा (लोकहित जास्त असेल तर गोपनीय माहितीही देता येते) उल्लेख करून. अन् कोर्ट कमिशनर नेमून फेरमोजणी मागितली का? नसेल तर तो अर्ज सगळ्यात आधी द्या.

धागाकर्ता:
शपथपत्र नाहीच, आत्ताच फाईल पाहिली, खाली फक्त कोण्या अधिकाऱ्याची सही आहे. फेरमोजणीचाही अर्ज दिलेला नाही. उद्याच वकीलसाहेबांकडे जातो, लय आभार दादा.