गल्लीतल्या गॅलरीत तिघांचं चित्रप्रदर्शन, ३५ हजारांत कसं बसवावं? (नागपूर)

कावीगेरू
नमस्कार मंडळी. आम्ही तिघांनी प्रतापनगरात एका बंगल्याच्या तळमजल्यावरची लहानशी गॅलरी जानेवारीत पाच दिवसांसाठी घेतली आहे. हॉल २८ बाय १६ फूट, छत १० फुटांवर. दार-खिडक्या सोडून भिंत ६६ फूट मिळते. एकाचे ॲक्रिलिक कॅनव्हास (२४ बाय ३६ इंच, आडवे), एकीचे जलरंग (११ बाय १५ इंच, उभे) आणि माझे लाकूडछाप (लाकडाचा ठसा कोरून कागदावर घेतलेले छाप), तेही साधारण तेवढेच. मिळून ३६ कामं आहेत. भाडं दिलेलं आहे, उरलेल्या सगळ्या खर्चाला ३५,००० रुपये आहेत, त्याच्या वर एक रुपया नाही.
विचारायचं असं: कागदावरच्या कामांना काच लावावी का? लाइट भाड्याने आणावेत का? टांगायची नीट पद्धत कोणती? आणि तारीख संक्रांतीच्या आसपास ठेवली तर चालेल का?

माउंटकटर
कागदावरचं काम काचेविना लावू नका. तेही साध्या काचेत नाही, परावर्तन न होणारी म्युझियम ग्लास घ्या. सागाचं मोल्डिंग (फ्रेमची पट्टी), ॲसिडमुक्त माउंट (चित्राभोवतीची जाड कागदाची चौकट), मागे ॲसिडमुक्त बोर्ड. एकदा नीट केलं की पन्नास वर्षं बघावं लागत नाही.
११ बाय १५ ला चारी बाजूंनी अडीच इंच माउंट सोडा, म्हणजे बाहेरचं माप बरोबर १६ बाय २० येतं. माउंटची खिडकी चित्रापेक्षा प्रत्येक बाजूने ३ मिमी आत कापून घ्या, नाहीतर कागदाची कड दिसते. स्वस्त माउंटच्या लगद्यात ॲसिड असतं. दोन-तीन वर्षांत खिडकीच्या कडेला चित्रावर पिवळट रेघ उमटते आणि ती जात नाही. गिऱ्हाईक तोपर्यंत तुमचं नाव विसरलेलं नसतं.

कावीगेरू
धन्यवाद. पण म्युझियम ग्लास २४ कामांना लावली तर ३५ हजार तिथेच संपतात.

माउंटकटर
मग कामं कमी करा. काच कमी करू नका.

ओळंबा
भाऊ, आधी भिंत मोजा, काच मागाहून. ६६ फुटांत ३६ कामं म्हणजे दुकान होईल. ८ कॅनव्हास घ्या, ३ फुटांप्रमाणे २४ फूट. १२ कागदी कामं फ्रेमसकट दीड फुटाप्रमाणे १८ फूट. झाले ४२. उरले २४ फूट, ते २० कामांमध्ये वाटले तर दोन चित्रांमध्ये साधारण १४ इंच मोकळी भिंत मिळते. एवढी मोकळीक पाहिजेच, नाही तं नजर एका चित्रावर थांबत नाही.
टांगणी अशी करा. चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर. सगळ्या चित्रांचा मध्य एका रेषेत, वरच्या कडा नाही. खिळ्याची उंची काढायला ५८ मध्ये चित्राची अर्धी उंची मिळवा आणि मागची तार खिळ्यावर ताणली की वरच्या कडेपासून जेवढी खाली येते तेवढे इंच वजा करा. तुमचा कॅनव्हास २४ इंच उंच, तार ३ इंच खाली येते असं धरा: ५८ अधिक १२ उणे ३, म्हणजे ६७ इंचांवर खिळा. प्रत्येक चित्राची तार वेगळी येते, म्हणून पट्टीच्या टोकाने तार वर ओढून प्रत्येकाचं मोजा आणि चित्राच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवा.
डी-रिंग (तार बांधायच्या कड्या) वरून एक चतुर्थांश उंचीवर लावायच्या. त्याच्या खाली लावल्या तर चित्र पुढे झुकते. एका खिळ्याऐवजी ६-७ इंच अंतरावर दोन लावा, म्हणजे कोणाचा धक्का लागला तरी चित्र वाकडं होत नाही. खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून रबराच्या टिकल्या, त्याने भिंतीवर डाग पडत नाहीत आणि मागे हवा खेळते. आणि मासे धरायची नायलॉनची दोरी वापरू नका. तिची गाठ सुटत नाही, हळूहळू सरकते, आणि चित्र रात्रीतून अर्धा इंच खाली येते.

रंगवेडी_धरमपेठ
मला वाटतं काचेऐवजी ॲक्रिलिक शीट (पारदर्शक प्लास्टिक) घ्या. हलकी असते, फुटत नाही.

माउंटकटर
ॲक्रिलिकवर ओरखडे पडतात. पुसायला साधं फडकं घेतलं तरी पडतात.

रंगवेडी_धरमपेठ
मायक्रोफायबर घ्यायचं, कोरडं घासायचं नाही. १६ बाय २० ला २ मिमी ॲक्रिलिकचं वजन अर्धा किलोच्या आत येतं, २ मिमी काचेचं एक किलो, ३ मिमीचं दीड. बारा फ्रेम रिक्षातून न्यायच्या तर हा फरक हाताला कळतो.

माउंटकटर
आणि पेस्टल किंवा कोळशाचं काम असलं तर? ॲक्रिलिकवर स्थिर वीज साठते, ती कागदावरची भुकटी उचलून घेते.

रंगवेडी_धरमपेठ
धाग्यात जलरंग आणि छाप आहेत, पेस्टल कुठे आहे?

ठसा_आणि_शाई
लाकूडछापाबद्दल दोन्ही सल्ल्यांशी मी सहमत नाही. छापाचं अर्धं सौंदर्य कागदाच्या अंगात आणि दाबाने उठलेल्या कडेत असतं, काचेमागे ते मरतं. पाच दिवसांच्या प्रदर्शनाला उघडे लावा.
पद्धत: जिथे छापाचे कोपरे येणार तिथे भिंतीत चपट्या, रुंद डोक्याचे लोखंडी खिळे पूर्ण ठोका, डोकं भिंतीला सपाट. त्यावर कागद ठेवून वरून १० मिमी व्यासाचं, २ मिमी जाडीचं निओडिमियम चुंबक. कागद आणि चुंबक यांच्यामध्ये जाड पांढऱ्या कागदाची चकती घाला, नाहीतर काढताना निकेलचा करडा वण राहतो. वर दोन, खाली दोन. खालची विसरलात तर पंख्याच्या वाऱ्यावर छाप फडफडतात आणि वरच्या कोपऱ्याला चीर जाते. खिळे स्टेनलेस घेऊ नका, बऱ्याच प्रकारांवर चुंबक धरत नाही. दुकानात चुंबक सोबत न्या.
जे छाप फ्रेम करून विकाल ते बोर्डाला चिकटवायचे नाहीत. जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या, गव्हाच्या खळीने, फक्त वरच्या कडेला. म्हणजे छाप लोंबता राहतो आणि दमट हवेत फुगायला जागा मिळते. सेलोटेप तर अजिबात नको. कडा कापू नका, सही आणि ३/२० (विसातली तिसरी प्रत) असा आवृत्तीचा आकडा पेन्सिलनेच. आणि ठसा शाबूत असला तरी २० म्हटलं की २०च.

इतवारी_गल्ली
फ्रेमवाल्यांचा हिशोब आधी समजून घ्या. मोल्डिंग रनिंग फुटावर असतं. १६ बाय २० चा घेर ७२ इंच, म्हणजे ६ फूट, पण ४५ अंशांत कापताना आठ टोकांना पट्टीच्या रुंदीएवढं वाया जातं. एक इंची पट्टीला ८ इंच. म्हणजे पावणेसात फूट, आणि ते लावतात सात. हे चूक नाही, पण कोणी आठ-नऊ लावून राहिले तर थांबा. मागे एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) लावून देतात, तो थेट कागदाला टेकू देऊ नका, त्यातूनही ॲसिड येतं. मध्ये ॲसिडमुक्त कागद घाला. सीताबर्डीत एक भाव, इतवारीत दुसरा. बारा नग एकदम सांगितले की दोन्हीकडे उतरतो.

नवशिक्या_चितारी
माझ्या मते चित्राचा मध्य ५८ इंचांवर ठेवावा.

ओळंबा
तेच लिहिलं आहे वर.

उजेडवाला
फ्रेमवर इतकी चर्चा चालू आहे आणि लाइटबद्दल एक ओळ नाही! ३५ हजारांतला मोठा वाटा मी लाइटला देईन. घरगुती पांढऱ्या ट्यूबखाली लाल आणि कावी रंग मळकट दिसतात. एलईडी स्पॉट घ्या, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० च्या वर, सगळे ३००० केल्विन (पिवळसर उजेड) किंवा सगळे ४००० (पांढरट). मिसळले की शेजारच्या दोन चित्रांचे पांढरे वेगळे दिसतात. ७ वॅट पुरे, झोताचा कोन २४ ते ३६ अंश.
लाइट भिंतीपासून किती लांब? झोत उभ्या रेषेशी ३० अंशांत पडला पाहिजे. छत १२० इंच, चित्राचा मध्य ५८, फरक ६२. त्याला ०.५८ ने गुणा, ३६ इंच. म्हणजे ट्रॅक (स्पॉट अडकवायची छतावरची पट्टी) भिंतीपासून ३ फुटांवर. ट्रॅक त्याहून लांब गेला की बघणाऱ्याची सावली चित्रावर पडते, अगदी जवळ आणला की फ्रेमची सावली कागदावर उतरते. काचेवर चमक आली तर लाइट बदलू नका, थोडा भिंतीकडे सरकवा.
पश्चिमेची खिडकी असेल तर चारनंतरचं ऊन थेट जलरंगावर येतं. जाड पडदा लावा.

संत्रागाठ
संक्रांतीला ठेवू नका. अख्खं नागपूर गच्चीवर पतंग उडवत असतं. रस्त्यावर मांजाची भीती, लोक दुचाकी काढत नाहीत. नंतर रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू, बायका संध्याकाळी मोकळ्या नसतात. त्यापेक्षा डिसेंबर घ्या.

उजेडवाला
डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं. सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते अडवलेले, बाहेरून येणाऱ्यांना हॉटेल मिळत नाही.

संत्रागाठ
प्रतापनगर आणि सिव्हिल लाइन्सचा काय संबंध?

उजेडवाला
वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार आणि बातमीदार सगळे तिकडे असतात, हा संबंध.

माउंटकटर
महिना कुठलाही घ्या, एप्रिल-मे सोडून. तेव्हा हॉलमध्ये कूलर लावावाच लागतो, आणि कूलरची ओली हवा कागदावर गेली की दोन दिवसांत माउंट फुगतो. पावसाळ्यात बुरशी. नागपुरात कागदाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच चार महिने.

रंगवेडी_धरमपेठ
कॅनव्हास नेताना: ॲक्रिलिक रंग सुकला तरी उबेत मऊ होतो. दोन कॅनव्हास तोंडाला तोंड लावून ठेवले तर चिकटतात, बबल रॅप थेट लावला तर गोल वण उठतात. आधी बटर पेपर, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. कडा रंगवलेल्या असतील तर फ्रेम नकोच, चार कोपऱ्यांना पुठ्ठ्याच्या टोप्या करा. कॅनव्हास सैल पडला असेल तर मागच्या पाचरी हलक्या हाताने ठोका, चारही कोपऱ्यांच्या सारख्या.

ठसा_आणि_शाई
किमतीबद्दल कोणी बोललं नाही. यादीत चित्राचं नाव, माध्यम, माप (आधी उंची, मग रुंदी), वर्ष, किंमत. गॅलरीचं कमिशन किमतीत धरलं आहे की वरून, हे आधी लेखी घ्या. विकल्याची लाल टिकली निम्मे पैसे हातात आल्यावरच लावा. तोंडी शब्दावर लावली तर खरा घेणारा परत जातो.
बिलावर एक ओळ हवीच: चित्र विकलं, प्रताधिकार कलाकाराकडे. मूळ चित्र विकलं म्हणून ते कॅलेंडरवर छापायचा हक्क जात नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३अ नुसार पुढे ते चित्र १०,००० रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर त्यात कलाकाराला वाटा मागता येतो, कमाल १० टक्के. त्यासाठी पहिल्या घेणाऱ्याची नोंद तुमच्याकडे पाहिजे.

संत्रागाठ
कॅटलॉग छापा. रंगीत, आर्ट पेपरवर. त्याशिवाय मोठ्या गॅलऱ्या दखल घेत नाहीत.

ओळंबा
उद्घाटनाची समई चित्रांपासून निदान सहा फूट लांब ठेवा आणि पंखा बंद करूनच लावा. काजळी जलरंगावर बसली की पुसता येत नाही.

कावीगेरू
सगळ्यांचे मनापासून आभार. काल तिघं बसून ठरवलं.
भिंतीवर २० नाही, २४ कामं. ८ कॅनव्हास, ८ जलरंग, ८ छाप. छाप फ्रेम न करता चार-चारच्या दोन रांगांत, चुंबकावर. ५८ ची रेषा दोन रांगांच्या मधल्या फटीतून जाईल. उरलेली कागदी कामं एका टेबलावर फोल्डरमध्ये.
जलरंगांना साधी २ मिमी काच, पण माउंट ॲसिडमुक्त. कॅटलॉग नाही.
खर्च: फ्रेम आणि माउंट १६,०००, लाइट ९,०००, टांगणीचं सामान ३,०००, लेबल आणि यादी २,५००, ने-आण ३,०००, चहा-तिळगूळ १,५००.
तारीख मात्र १४ ते १८ जानेवारीच. संत्रागाठ, तुम्ही नको म्हणालात, तरीही. ही गॅलरी मोहल्ल्यातली आहे, येणारे पायी येतील, आणि त्या दिवशी मोहल्ला घरीच असतो. १६ तारखेला संध्याकाळी तिथेच हळदीकुंकू ठेवतो आहोत. वाण म्हणून चार बाय चार इंचांचा लिनोछाप, साठ प्रती. ठसा कोरायला घेतला आहे, पतंगाच्या दोन काड्या कोरून झाल्या, दोरा राहिला आहे.

ठसा_आणि_शाई
लिनो जानेवारीच्या थंडीत कडक होतो, कोरताना कपच्या उडतात. दहा मिनिटं उन्हात ठेवा, मग कोरा. आणि साठ म्हणालात तर ६० लिहा.

माउंटकटर
साध्या काचेत चमक येणारच. उजेडवाल्यांनी सांगितलं तसे लाइट भिंतीकडे घ्या. १५ तारखेला येतो.