क्लोन केलेला प्राणी तंतोतंत मूळ प्राण्यासारखाच असतो का?

प्रश्न

आमची काळी, नारिंगी आणि पांढरी अशी तिरंगी मांजर आता म्हातारी झाली आहे. परदेशात पाळीव प्राण्यांचे क्लोन, म्हणजे त्यांच्या पेशीपासून घडवलेल्या प्रती, करून देतात, हे कळल्यापासून माझ्या मुलीने एकच प्रश्न लावून धरला आहे: क्लोन केला तर हीच मांजर पुन्हा मिळेल का? डीएनए तोच असेल, तर रंग आणि स्वभावही तोच का असू नये? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

नेमक्या अशाच मांजरीवर हा प्रयोग होऊन गेला आहे. पहिली क्लोन मांजर, सीसी, २२ डिसेंबर २००१ रोजी अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात जन्मली. मूळ मांजर रेनबो तिरंगी होती. सीसीच्या अंगावर मात्र तपकिरी पट्टे आणि पांढरा रंग होता, नारिंगीचा मागमूसही नव्हता. नारिंगी रंग ठरवणारे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मादीच्या पेशीत अशी दोन गुणसूत्रे असतात, पण गर्भ अगदी लहान असतानाच प्रत्येक पेशी त्यांपैकी एक बंद करते. कोणते, हे योगायोगाने ठरते आणि त्या पेशीपासून पुढे तयार होणाऱ्या सर्व पेशींत तेच बंद राहते. जिथे नारिंगीचे जनुक चालू राहिले तिथे नारिंगी केस येतात, इतरत्र गडद. सीसी ज्या एका पेशीपासून घडली, तिच्यात ते बंद होते आणि क्लोन करतानाही पुन्हा उघडले नाही. पांढरे डागसुद्धा गर्भात रंगपेशी त्वचेवर कुठवर पोहोचल्या यावर ठरतात, त्यामुळे तेही जागच्या जागी येत नाहीत.

प्रतिसाद २

‘डीएनए तोच’ हे गृहीतकही पूर्ण खरे नाही. स्कॉटलंडमधील रोझलिन संस्थेत १९९६ साली जन्मलेल्या डॉली या क्लोन मेंढीसाठी केंद्रक, म्हणजे पेशीतील बहुतेक डीएनए असलेला भाग, फिन डॉर्सेट जातीच्या मेंढीच्या कासेतील पेशीचे घेतले होते, पण ते ज्यात घातले ते बीजांड स्कॉटिश ब्लॅकफेस जातीच्या मेंढीचे होते आणि डॉलीच्या मायटोकॉन्ड्रियातील (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागांतील) डीएनए त्या बीजांडाकडून आला. ही जनुके अवघी ३७ असली, तरी पेशीला ऊर्जा पुरवण्याच्या कामात त्यांचा वाटा असतो. या हिशेबाने एकाच बीजांडातून जन्मलेली जुळी भावंडे क्लोनपेक्षा एकमेकांच्या अधिक जवळची ठरतात.

प्रतिसाद ३

द्राक्ष बागायतदारांना ही गोष्ट नवी नाही. द्राक्षवेल काडीपासून वाढवतात, म्हणजे प्रत्येक वेल क्लोनच. तरीही थॉम्पसन सीडलेस या बिनबियांच्या जातीच्या वेलींमध्ये आपोआप झालेल्या बदलांतूनच तास-ए-गणेश आणि सोनाका या जाती आपल्याकडे निवडल्या गेल्या. पेशी विभागताना डीएनएमध्ये असे बदल होतच राहतात, आणि म्हाताऱ्या मांजरीच्या पेशीत ते साचलेले असणारच. स्वभावाबद्दल म्हणाल, तर गर्भाशय निराळे, आईचे दूध निराळे, घरात वाढण्याचा काळही निराळा. हे सारे डीएनएबरोबर येत नाही. मुलीला स्पष्ट सांगावे की येईल ते तिच्या मांजरीचे उशिरा जन्मलेले जुळे भावंड असेल, आणि त्याचा रंगही वेगळा निघू शकेल.